गाडीचा रंग आणि घासणारे हात

दसरा जवळ आला की आपल्या नगर शहरातील डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांपुढे गाड्यांची रांग लागते. शिर्डी-शिंगणापूरच्या भाविकांची ने-आण करणाऱ्या जीपगाड्या, भाजीपाल्याचे टेम्पो, शाळेच्या पिवळ्या बसगाड्या, उसाच्या हंगामासाठी तयार होणारे ट्रॅक्टर आणि मध्येच एखादी जुनी मोटार. प्रत्येकाला गाडी सणाच्या आत हवी असते. मालक विचारतो, "रंग कधी मारणार?" पेंटर म्हणतो, "रंगाला काय, अर्धा दिवस पुरे. घासायलाच चार दिवस लागतात." मालकाला वाटते, हा टाळाटाळ करतो आहे. वास्तविक पेंटर खरे तेच सांगत असतो.

अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. गाड्यांच्या पाटीवरचे एम.एच. १६ आणि श्रीरामपूरकडचे एम.एच. १७ मात्र तेच राहिले. या दोन्ही नंबरांच्या गाड्यांशी आपल्या वस्त्यांतील कुटुंबांचा दुहेरी संबंध आहे. कोणी कर्ज काढून टेम्पो किंवा रिक्षा घेतलेली असते, तर कोणाचा मुलगा गॅरेजवर हातात पॉलिश पेपर घेऊन दुसऱ्याची गाडी घासत असतो. दोघांच्याही कामाची माहिती म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहोत. गेल्या काही महिन्यांत आम्ही गॅरेजांवर उभे राहून, पेंटर मंडळींना खोदून खोदून विचारून जे समजावून घेतले, त्याला वाचनाची जोड देऊन ते येथे मांडले आहे.

प्रथम धंद्याच्या गाडीचा हिशेब पाहू. टेम्पो, टॅक्सी, बस अशा गाड्यांना आर.टी.ओ.चे पासिंग लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी करावे लागते. पासिंगच्या आधी गाडीवर रंगाचा एक हात मारून घेण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. गंजावर, धुळीवर, जुन्या मेणावर तसाच रंग मारला तर गाडी पासिंगच्या दिवशी नवरीसारखी दिसते आणि पुढच्या पावसाळ्यात दरवाज्याच्या खालच्या कडेला फोड येतात. फोड नखाने उचकटला की आत तांबडी भुकटी सापडते. वरून कीर्तन, आतून तमाशा! पैसे गेले ते गेलेच, वर पत्रा कुजला.

प्रायमर म्हणजे रंग आणि पत्रा यांच्यामधला थर. त्याची कामे दोन. पहिले म्हणजे पत्र्याला घट्ट धरून ठेवणे व त्याला गंजापासून वाचवणे. दुसरे म्हणजे वरच्या रंगाला बसण्यासाठी सपाट जागा करून देणे. पहिल्या कामासाठी इपॉक्सी किंवा पत्र्याला चावणारा ॲसिडयुक्त प्रायमर असतो; दुसऱ्या कामासाठी सरफेसर, म्हणजे जाड बसणारा आणि घासून सपाट करता येणारा प्रायमर. कोणताही प्रायमर रंगाची जागा घेऊ शकत नाही, हे मात्र नीट लक्षात ठेवावे. पैसे कमी पडले म्हणून राखाडी सरफेसरवरच गाडी दोन महिने फिरवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. सरफेसरचा थर सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि ते पाणी खाली पत्र्यापर्यंत पोचते. नगर, पाथर्डी, कर्जत हा भाग पर्जन्यछायेचा, त्यामुळे एखादे वेळी निभावून जाते. पण तीच गाडी अकोल्याकडे भंडारदरा-घाटघरच्या पावसात गेली तर महिनाभरात त्या राखाडी रंगातून तांबूस डाग वर येतात.

आता थोडे मागे जाऊ. मोटारी नव्या असताना त्यांना घोडागाडीसारखाच ब्रशने रंग व व्हार्निश देत आणि एक गाडी वाळून तयार व्हायला काही आठवडे लागत. १९२३ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने लवकर वाळणारा 'ड्युको' नावाचा रंग काढला. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर तो प्रथम आला. आपल्याकडे आजही पत्र्याच्या कपाटाला फवाऱ्याने रंग दिला तर "डुको पेंट" म्हणतात, ते त्याच जुन्या छापाचे नाव. कंपनी कोणती हे ठाऊक नसतानाही आपले कारागीर शंभर वर्षे ते नाव चालवीत आहेत.

पण आमच्या मते खरी क्रांती रंगापेक्षा कागदाने केली. पूर्वी पॉलिश पेपर कोरडाच वापरावा लागे. पाणी लागले की त्याचा डिंक सुटत असे. त्या काळच्या रंगांत शिसे भरपूर असे. कोरडे घासताना त्याची धूळ उडे आणि घासणारा कामगार ती श्वासाबरोबर आत घेई. १९२१ साली थ्रीएम कंपनीने पाण्यात बुडवून वापरता येणारा कागद बाजारात आणला. फिलाडेल्फियाचे फ्रान्सिस ओकी यांनी तो शोधला होता. मोटारींच्या कारखान्यांत धूळ एकदम कमी झाली. हाच आपला "पाण्याचा पेपर". पुढे याच कागदाचे नमुने घेऊन कंपनीचा एक तरुण, रिचर्ड ड्र्यू, सेंट पॉल शहरातील एका गॅरेजात गेला. तेथे दोन रंगांची गाडी रंगवताना लावलेला कागद काढला की खालचा रंगही उखडून येत होता आणि पेंटर शिव्या घालत होता. त्या शिव्या ऐकून ड्र्यूने जो उद्योग आरंभला त्यातून १९२५ साली मास्किंग टेप निघाली. कामगाराच्या शिव्याही कोणी कान देऊन ऐकल्या तर उपयोगी पडतात.

आपल्या जिल्ह्याचाही या इतिहासात वाटा आहे. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी नगर-पुणे मार्गावर धावली. तिची बॉडी लाकडी होती आणि रंग निळा व रुपेरी. पुढे लाकूड गेले, पत्रा आला, लाल रंग आला. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील एस.टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळांत बॉडी बांधणारे व रंगवणारे कामगार तयार झाले. १९७२ साली आलेली लुना नगरच्या किनेटिक कारखान्यातली. अशा कारखान्यांत नोकरी लागणे म्हणजे फंड, रजा आणि दवाखाना. रस्त्याकडेच्या गॅरेजवर तेच पत्र्याचे व रंगाचे काम करणाऱ्याला यातले काही नाही, हा फरक पुढे पुन्हा येणार आहे.

असो. आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

धुणे आधी, घासणे नंतर

गाडी आली की पहिले काम धुण्याचे. साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून मग ग्रीस व मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसायची. पुष्कळ ठिकाणी घाईत आधी घासतात व नंतर पुसतात. हा क्रम उलटा आहे. गाडीवर पॉलिशचे मेण किंवा सिलिकॉन असते. धुण्याआधी घासले तर ते प्रत्येक ओरखड्यात खोल दाबले जाते. वरून रंग पडला की तेथे रंग बाजूला सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे बारीक गोल खड्डे पडतात. मग दोष रंगाच्या डब्याला!

त्यानंतर गंज काढायचा, तो चकचकीत पत्रा लागेपर्यंत. उघडा झालेला पत्रा रात्रभर तसाच ठेवू नये. त्याच दिवशी त्यावर इपॉक्सी पडले पाहिजे. बाजारातून नवा बॉनेट किंवा मडगार्ड आणला असेल तर गोष्ट वेगळी. त्यावर बहुधा कारखान्यातलाच काळा थर असतो. रंगाच्या हौदात पत्रा बुडवून, विजेच्या साहाय्याने कोपऱ्याकोपऱ्यात थर बसवण्याची ही पद्धत १९६० च्या दशकात फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रुअर यांनी रूढ केली. असा चांगला बसलेला थर पत्र्यापर्यंत घासून काढणे म्हणजे अंगावरचे धडके कापड फाडून ठिगळ लावणे. ३२० किंवा ४०० नंबरने तो नुसता खरखरीत करून घेतला की झाले.

जेथे जुना रंग उडाला आहे तेथे रंगाची कड उभी राहिलेली असते. ती उतरवावी लागते. १८० ने सुरुवात, मग २४०, मग ३२०. कड नीट उतरली की जुने थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकाबाहेर एक दिसू लागतात: वरचा रंग, त्याखाली राखाडी, त्याखाली आणखी जुना कोणाचा तरी रंग, मधोमध पत्रा. सेकंडहँड टेम्पोचा सगळा पूर्वेतिहास तेथे वाचता येतो. विकणाऱ्याने सांगितलेला आणि हा, दोन्ही ताडून पाहावेत.

नंबरांविषयी एक खुलासा. नंबर वाढेल तसा कागद बारीक होतो. ८० चा कागद भाकरीच्या तव्यासारखा खडबडीत, १००० चा जवळजवळ कापडासारखा. ८० चे ओरखडे ४०० ने निघत नाहीत; मधल्या पायऱ्या चढाव्याच लागतात. पायरी वगळली तर ओरखडे वरच्या रंगात तत्काळ दिसत नाहीत आणि म्हणून फसगत होते. प्रायमर व रंगातला थिनर हळूहळू उडतो, थर आकसून खाली बसतो आणि महिन्या-दीड महिन्याने, दिवाळी आटोपल्यावर, बॉनेटवर उन्हात रेघा उमटतात.

डेंट ठोकून जमेल तेवढा पत्रा वर आणल्यावर उरलेल्या खोलगटात पुट्टी भरतात. घरच्या रंगकामात जिला आपण लांबी म्हणतो, तिचीच ही पॉलिस्टरची बहीण. शंभर ग्रॅमला साधारण दोन ग्रॅम हार्डनर. लवकर वाळावी म्हणून हार्डनर जास्त घातला तर तो नंतर वरच्या रंगात डाग पाडतो. ही पुट्टी पाण्याने घासू नये. ती पाणी शोषते आणि रंगाखाली अडकलेले ते पाणी पुढे फोड होऊन बाहेर पडते. म्हणजे पुट्टी कोरडीच घासायची: ८० ने आकार, १२० व १८० ने सफाई. येथेच सर्वांत जास्त धूळ उडते.

काळा फवारा

यानंतर सरफेसरचे दोन-तीन हात. दोन हातांच्या मध्ये थिनर उडून जायला वेळ द्यावा लागतो. नीट वाळल्यावर जे काम सुरू होते त्यात पेंटरचे खरे कसब दिसते. तो सरफेसरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारतो. नवख्याला वाटते, चांगला राखाडी पत्रा याने काळा का केला? मग ठोकळ्याला कागद गुंडाळून तो घासू लागतो. उंच भागावरचा काळा रंग आधी जातो, खोलगट भागातला तसाच राहतो. डोळ्यांना न दिसणारा खड्डा काळ्या ठिपक्याने आपली जागा सांगतो. सगळा काळा रंग गेला म्हणजे पत्रा सपाट झाला. मध्येच राखाडी जाऊन खालची पुट्टी किंवा पत्रा दिसू लागला तर थांबायचे, तेथे पुन्हा प्रायमर मारायचा. अशी वेळ कडांवर हटकून येते, म्हणून जाणता पेंटर कडा सर्वांत शेवटी आणि हलक्या हाताने घेतो.

हे घासणे पाण्याने चालते. सिलिकॉन कार्बाइडचा काळा कागद आधी पाण्यात भिजत ठेवायचा, बादलीत साबणाचा थेंब टाकायचा, पाणी वरचेवर बदलायचे. बादलीच्या तळाशी बसलेला एक खडा कागदाखाली आला तर तासाभराचे काम वाया जाते. नुसत्या बोटांनी घासले तर बोटांच्या चऱ्या पडतात, त्यासाठी ठोकळा. गोलाईवर रबराचा किंवा फोमचा. हात एकाच दिशेने न चालवता तिरका, मग उलट तिरका. साध्या रंगाखाली ४०० ते ५०० नंबर चालतो. मेटॅलिक रंगाखाली ६०० ते ८०० लागतो, कारण त्यातला ॲल्युमिनियमचा चुरा प्रत्येक ओरखड्यात बसून ओरखडा उठून दिसतो.

चकाकी हा मोठा चहाडखोर प्रकार आहे. नगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे, आपल्यापैकी अनेकांनी मुलांना तेथे नेले असेल. लष्करी गाड्यांचा रंग मुद्दाम बिनचकाकीचा ठेवतात, उन्हात लकाकून शत्रूला दिसू नये म्हणून. अशा रंगाखाली पत्रा थोडा वरखाली असला तरी खपून जातो. काळ्या चकचकीत मोटारीत मात्र समोरच्या विजेच्या खांबाचे प्रतिबिंब पडते, आणि पत्र्यात लाट असेल तर तो खांब सापासारखा वाकतो. गाडी ताब्यात घेताना मालकाने हीच परीक्षा करावी. त्याआधी, प्रायमर असतानाच, एकदा गॅरेजवर जाऊन तळहाताखाली पातळ फडके ठेवून पत्र्यावरून हात फिरवावा. फडक्यामुळे हात सहज सरकतो आणि डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळहाताला कळतो. चांगल्या पेंटरला याचा राग येत नाही. उलट पुष्कळांना, कोणीतरी रंगाखालचे काम पाहायला आले याचेच अप्रूप वाटते. बिलावर "रंगकाम" एवढा एकच शब्द असतो, घासण्याची ओळच नसते.

पोऱ्या

गॅरेजवर गन धरतो तो पेंटर आणि घासतो तो हेल्पर, म्हणजे पोऱ्या. शाळेत मन लागत नाही म्हणून आईबाप मुलाला "काहीतरी हुन्नर शिकेल" या आशेने गॅरेजवर सोडतात. हुन्नर खरोखरच मोठा आहे, हे वर आलेच. पण एका गॅरेजवर आम्ही जो मुलगा पाहिला तो तीन वर्षे फक्त पुट्टीच घासत होता. तोंडाला रुमाल, भुवया पांढऱ्या, हाताची कातडी थिनरने भाजल्यासारखी. गन त्याच्या हातात एकदाही आली नव्हती. मजुरी मिळे ती मालकाच्या मर्जीने.

पुट्टीत मुख्यतः टाल्कसारखी खनिज भुकटी असते. जुन्या गाडीच्या, विशेषतः पिवळ्या-नारिंगी रंगात शिशाची संयुगे असू शकतात. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि २०१७ पासून लागू झाला. पण तो घरगुती रंगांपुरता आहे, गाड्यांच्या रंगांना तो लागत नाही. टू-के म्हणतात त्या रंगाच्या व प्रायमरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही छाती भरून येते. अर्धवट वाळलेला असा प्रायमर घासताना तेही धुळीबरोबर आत जाते.

रुमाल या धुळीला अडवीत नाही. धुळीसाठी नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क हवा. फवारणीसाठी तोही पुरत नाही. वाफेसाठी वेगळा मास्क असतो आणि टू-के रंगासाठी बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा असेल तर उत्तम. थिनरने हात धुण्याची सवय मोडली पाहिजे. ते कातडीतून आत जाते, आणि शेजारी बिडी पेटली तर भडका उडतो. कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरचे कपडे झटकणेही तितकेच वाईट. खाली बसलेली धूळ पुन्हा नाकात जाते आणि हवेचा झोत कातडीला इजा करतो. घासणे शक्यतो उघड्या जागी, वारा पाठीमागून येईल असे.

कायदा काय म्हणतो? १९८६ च्या बालकामगार कायद्यातील मनाईच्या यादीत पुढे मोटार दुरुस्ती आणि तिच्यासोबतचे वेल्डिंग, डेंट ठोकणे व रंगकाम घालण्यात आले. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला गॅरेजमालकाने कामाला ठेवणे हा सरळ गुन्हा आहे आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलाला धोकादायक कामावर ठेवता येत नाही. मोठ्या माणसांची अडचण निराळी. कारखान्यांचे कायदे ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या जागेला लागू होतात. तीन-चार माणसांचे गॅरेज त्या जाळ्यातून निसटते. तेथे मास्क मागणारा कामगार एकटाच असतो.

म्हणून ज्याला हे काम शिकायचे आहे त्याने दहावी करून आय.टी.आय.कडे पाहावे. तेथील ट्रेडच्या यादीत पेंटर जनरल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि मोटारीच्या बॉडीच्या रंगकामाचा स्वतंत्र ट्रेडही आहे. प्रत्येक संस्थेत प्रत्येक ट्रेड नसतो, तेव्हा प्रवेशाच्या वेळी यादी नीट पाहावी. प्रमाणपत्र हातात असलेला मुलगा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये अर्ज तरी करू शकतो. आणि ज्यांचा मुलगा आजच गॅरेजवर आहे त्यांनी मालकाला दोन गोष्टी पहिल्याच महिन्यात विचाराव्यात: मास्क कोण आणणार, आणि गन केव्हा हातात देणार. विचारायला लाजू नये. मालकही बहुधा अशाच पोऱ्याचा पेंटर झालेला असतो.

आता घरातल्या आया-बहिणींसाठी. गॅरेजवरून आलेल्या माणसाने लहान मुलाला उचलून घेण्याआधी साबणाने हात-तोंड धुवावे व कपडे बदलावेत. शिशाच्या धुळीचा त्रास मोठ्यांपेक्षा लहान मुलांना अधिक होतो, त्यांच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम होतो. कामाचे कपडे घरात झटकू नयेत. बाहेरच ओले करून वेगळ्या बादलीत भिजवावेत, ते पाणी मुले खेळतात त्या अंगणात ओतू नये, आणि तान्ह्या बाळाची दुपटी त्या बादलीत कधीच टाकू नयेत.